संथ पाण्याची सवय

प्रयोगशाळेत तिला सगळे दाई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. कागदावर तिचा हुद्दा वेगळाच काहीतरी लांबलचक होता, पण तो पगाराच्या दिवसापुरता. बाकीचे दिवस ती दाई. ओढ्यांतून आणि तळ्यांतून आणलेली मेफ्लाय नावाच्या किड्यांची पिल्लं काचेच्या टाक्यांत वाढवायची, त्यांना पंख फुटेपर्यंत सांभाळायचं आणि पंख फुटायची घडी आली की शेजारी बसून राहायचं, हे तिचं काम.

मेफ्लायचं आयुष्य म्हणजे सगळा उलटा कारभार. बालपण लांबच लांब, पाण्याखाली, दगडांवरचं शेवाळ खरवडत. आणि पंख आले की जेमतेम एखादा दिवस. पंखवाल्या मेफ्लायला धड तोंडही नसतं, खायला सवडच कुठे आहे म्हणून. पिल्लातून आधी मळकट पंखांचा एक जीव बाहेर येतो, कुठेतरी टेकतो आणि पुन्हा एकदा कात टाकतो, तेव्हा कुठे काचेसारख्या पंखांचा खरा मेफ्लाय निघतो. त्या दोन कातींच्या मधे टाकीला धक्का लागला तर पंख मुडपतात ते कायमचेच. म्हणून त्या वेळी दाई टाक्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर आपल्या चपला आडव्या ठेवायची. चपला आडव्या म्हणजे आत बाळंतपण चालू आहे, कुणी फिरकायचं नाही. मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यासुद्धा ही खूण पाळायच्या. पंप दुरुस्त करायला येणारा पंपवाला तेवढा दाराबाहेरून विचारायचा, “मुलगा की मुलगी?”

टाक्यांची खोली लांबट होती. उजव्या भिंतीला ओढ्यातली पिल्लं, डाव्या भिंतीला तळ्यातली. ओढ्यातलं पिल्लू चपटं, दगडाला असं चिकटलेलं की कुणी त्याला इस्त्री करून ठेवलंय असं वाटावं. तळ्यातलं सडसडीत, मासोळीसारखं सुळकन पळणारं. दोघांनाही पोटाच्या दोन्ही बाजूंना बारीक पानांसारखे कल्ले, श्वास घ्यायला. पण तळ्यातलं पिल्लू ते कल्ले सतत हलवतं, जणू स्वतःला पंख्यानं वारा घालतंय. ओढ्यातल्याला ती विद्या नाही. त्याला कधी गरजच पडली नाही. पाणीच त्याच्या अंगावरून धावत जातं, श्वास आयता मिळतो. म्हणून उजव्या भिंतीचे पंप कधी बंद पडू द्यायचे नाहीत, हा खोलीचा पहिला नियम. डाव्या भिंतीला पंपच नव्हते.

एक दिवस मॅडम हातात चहाचा कप घेऊन आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्या बसल्या म्हणजे काहीतरी सांगण्यासारखं घडलेलं असायचं. सगळ्या जातींच्या मेफ्लायची जनुकं ताडून पाहण्याचं काम संपलं होतं. नातेसंबंध लागले होते आणि भलतेच लागले होते. पलीकडच्या खोऱ्यातला चपटा मेफ्लाय आणि इकडचा चपटा, दिसायला एकाच साच्यातले, पण रक्ताचं नातं अगदी दूरचं. आणि इकडचा चपटा आणि तळ्यातला तो सडसडीत, ज्यांना आजवर कुणी एका रांगेत उभं केलं नव्हतं, ते निघाले सख्खे. एकाच आईच्या लेकी.

पंपवाला तेव्हा खाली वाकून नळी काढत होता. तो म्हणाला, यात नवल काय, आमच्या घरात हेच आहे. सख्खा भाऊ रस्त्यात ओळख दाखवत नाही आणि सासुरवाडीचा एक कुणीतरी हुबेहूब माझ्यासारखा दिसतो, बायको त्यालाच हाक मारते. मॅडम हसल्या. दाई हसली नाही. तिनं विचारलं, “म्हणजे ओढ्यातलीला तळ्यात राहता येईल?”

“तेच बघायचंय,” मॅडम म्हणाल्या. “एक टाकी वेगळी काढ. प्रवाह एकदम नको, थोडा थोडा कमी करत जाऊ. कुठवर सोसतात ते पाहू.”

मॅडमच्या डोक्यात ‘कुठवर’ होतं. दाईनं मात्र त्यातला ‘सोसतात’ तेवढाच उचलला. त्याला कारण होतं. त्याच आठवड्यात तिनं वडिलांना आपल्या घरी आणलं होतं.

वडील पाणचक्कीवाले. डोंगरात, ओढा जिथे कड्यावरून खाली येतो तिथे त्यांची चक्की होती आणि चक्कीच्या वरच दोन खोल्यांचं घर. विजेच्या गिरण्या आल्यावर दळण आणायचं लोकांनी सोडलं, जातं थांबलं, पण पाणी कुठे थांबणार? ते घराखालून तसंच धडाडत राहिलं. जमिनीला कायम बारीक थरथर असायची. त्या घरात कुजबुज हा प्रकारच नव्हता. आई होती तेव्हा तिला रुसायचं झालं तरी ओरडून रुसावं लागे. चक्कीवरच्या माणसांची बोलण्याची तऱ्हाच वेगळी: आधी तोंड समोरच्याकडे पूर्ण वळवायचं, मग दोन-तीन शब्द, मग थांबायचं, मग पुढचे दोन-तीन. “लांब बोलू नको,” बाबा सांगायचे. “पाणी खातं.” शब्द पोचला की ऐकणारा उजवा तळहात वर करायचा. पोचला नाही तर छातीशी मूठ.

दाई लहानपणी आत्याकडे शहरात शिकायला आली ती हा आवाज घेऊन. पहिल्या दिवशी तिनं वर्गात हजेरी दिली आणि समोरच्या वर्गातले मास्तर खडू हातात घेऊन बघायला आले. मुलींनी तिचं नाव भोंगा ठेवलं. आत्यानं तिला गळ्यावर हात ठेवून बोलायला शिकवलं. हाताला थरथर लागली की आवाज मोठा झाला समजायचं. वर्षभरात भोंग्याचा असा काही बंदोबस्त झाला की बाई तिला उत्तर दोनदा सांगायला लावू लागल्या. सुट्टीत ती चक्कीवर गेली, तेव्हा बाबांनी पहिल्या दिवशी तिच्या प्रत्येक वाक्याला छातीशी मूठ धरली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवसापासून ते नुसते हसून तळहात वर करायला लागले. आपलं बोलणं पोचतंय म्हणून ती खूश झाली.

आता बाबा शेवाळल्या पायरीवरून घसरून पडले होते आणि वरून मेंढ्या घेऊन उतरणाऱ्या माणसाला दिसेपर्यंत तसेच पडून होते. दाई धावत गेली. खुब्याला मुका मार होता, हाड शाबूत. पण तिनं त्यांचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

“इथं पुन्हा पडलात तर ऐकणार कोण?”

“माझी हाक. खालच्या वळणापर्यंत. जाते,” बाबा ओरडून म्हणाले.

“मग मारलीत का हाक?”

बाबा म्हणाले, पडलो तेव्हा श्वासच गेला होता.

तोवर तिची पिशवी भरून तयार होती.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या, खिडकीसमोर एका बंद गोदामाची भिंत. शहर दुसऱ्या बाजूला होतं. इकडे त्याचा आवाजही येत नसे, म्हणून तर तिनं ती जागा घेतली होती. पहिल्या संध्याकाळी बाबा खाटेवर बसले, इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, “एवढं शांत कसं गं? कुणी गेलंय का?”

सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मोठ्या काळजीनं म्हणाल्या, तुमच्याकडे काही भांडण वगैरे झालं का, आम्ही सगळे जागे झालो. दाईनं सांगितलं की भांडण नाही, बाबांनी प्यायला पाणी मागितलं. काकू म्हणाल्या, “पाणी असं मागतात तर जेवण कसं मागत असतील?” आणि हसल्या, आणि दाईही हसली, पण दार लावल्यावर तिनं बाबांच्या शेजारी बसून त्यांचा हात उचलून त्यांच्या गळ्यावर ठेवला. आत्यानं तिला शिकवलं होतं तसं.

“इथे थरथर लागली की मोठं झालं समजायचं,” ती म्हणाली. “मी नाही का शिकले? मी तर तुमचीच आहे.”

बाबांनी तळहात वर केला.

हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. एकच रक्त. मी रुळले, तर ते का नाही रुळणार? फक्त घाई करायची नाही, थोडं थोडं. टाकीवर तेच, घरी तेच. पंपाच्या नळीला जुना पितळी कॉक होता. पंपवाला पान्ह्यानं तो जरासा आवळायचा, प्रवाह किंचित उतरायचा आणि दाई काचेला नाक लावून बसायची. पहिल्यांदा पिल्लं बिथरली. सगळी दगड सोडून पंपाच्या तोंडाशी जमली, एकमेकांच्या अंगावर चढून, जिथे थोडंफार पाणी धावत होतं तिथे. घरी बाबांनी स्वयंपाकघरातला नळ सोडायला सुरुवात केली. ती कामावरून येऊन पाहायची तर नळ भळभळतोय आणि बाबा ओट्याला टेकून उभे. ती नळ बंद करायची. “बाबा, पाणी वाया जातं ना.” मग त्यांनी गच्चीचा शोध लावला. सकाळी इमारतीच्या टाकीत पाणी चढायचं तेव्हा आत धबधबा पडल्यासारखा आवाज होई. बाबा दुखऱ्या खुब्यानं जिने चढून जायचे आणि टाकीला पाठ लावून बसायचे. पाणी भरून आवाज थांबला की उतरायचे. पुन्हा पडाल म्हणून ती रागावली. एकदा नाही, रोज.

आणि मग दोन्हीकडे गाडी रुळावर आली. निदान तिला तसं वाटलं. टाकीतली पिल्लं पंपाचं तोंड सोडून पुन्हा दगडांवर पांगली आणि शांत बसली. दगड हिरवेगार दिसायला लागले, टाकीला कशी शोभा आली. बाबांनी गच्ची सोडली. नळाला हात लावणंही सोडलं. आवाज उतरत उतरत असा उतरला की काकू जिन्यात थांबून म्हणाल्या, “तुमचे वडील किती सज्जन हो. घरात आहेत की नाहीत ते कळतसुद्धा नाही.” दाईला धन्यता वाटली. रुळले आता, असं ती बाबांच्या देखत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. प्रयोगशाळेत तिनं दोन्ही बातम्या एका दमात दिल्या, पिल्लं रुळली आणि आमचे बाबाही रुळले. मॅडमनी विचारलं, शांत आहेत म्हणजे नक्की काय करतात? दाई म्हणाली, काही करत नाहीत, शांत बसतात. मॅडमनी भुवया जरा वर केल्या, पण त्यांना कुठे तरी जायचं होतं, आणि दाईच्या शब्दावर आजवर कुणाला शंका घ्यावी लागली नव्हती.

एरवी तिला कळलं असतं. डाव्या भिंतीच्या टाक्यांतले दगड नेहमी कसे खरवडल्यासारखे, पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात ते तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं. पिल्लं चरली की शेवाळात वाट पडते. वाट नाही, दगड नुसता हिरवा, म्हणजे कुणीच चरत नाहीये. हे ती कुठल्याही नवख्या मुलीला पहिल्याच दिवशी शिकवायची. पण ज्या गोष्टीची माणूस वाट बघत असतं, ती आली असं एकदा वाटलं की पुन्हा बारकाईनं कोण बघतं?

त्या सकाळी पंपवाला पुढचा आटा आवळायला आला होता. दाई म्हणाली थांब, आधी मोजते. तिनं मऊ कुंचला पाण्यात घातला आणि पहिल्या पिल्लाला नुसता टेकवला. ते दगडावरून सुटलं आणि पानासारखं खाली गेलं. दुसऱ्याला टेकवला, तेही गेलं. ती एकेकाला हात लावत गेली. सगळी नीट बसलेली होती, पाय पसरून, दगड घट्ट धरून, जशी जिवंतपणी बसतात तशीच. किती दिवस झाले होते ते कळायला मार्ग नव्हता. पंपवाल्यानं पान्हा खिशात घातला. 

मॅडमनी तिला दोष दिला नाही. त्यांच्या दृष्टीनं प्रयोगाचं उत्तर आलं होतं. त्या समजावत राहिल्या की सख्ख्या आहेत हे खरंच आहे, पण वाटा वेगळ्या होऊन लाखो वर्षं झाली. एकीला कल्ले हलवायला यायला किती पिढ्या गेल्या असतील कोण जाणे. “जातीला जमतं गं, दाई. एका जिवाला त्याच्या एका आयुष्यात नाही जमत ते.” दाई ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, त्यांना त्रास झाला असेल का? मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला. पंपापाशी जमली होती ना, तेव्हा. “नंतर हालचाल थांबते. ताकदच राहत नाही.”

दाईनं चपला घातल्या आणि भर सकाळी घरी निघाली.

बाबा स्वयंपाकघरात होते. ओट्यापाशी स्टूल ओढून बसले होते, बंद नळाकडे तोंड करून. दाढी केलेली, कपडे स्वच्छ, सकाळी तिनं झाकून ठेवलेलं ताट धुऊन पालथं घातलेलं. तिनं नळ पूर्ण सोडला. पाणी भांड्यांवर धाडधाड आदळायला लागलं, तिच्या अंगावर उडालं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग उठले, ओट्याला धरून धरून आले आणि नळ बंद केला.

“वाया जातं गं पाणी,” ते म्हणाले. इतक्या हळू, की पुढचा शब्द तिनं ओठांवरून ओळखला.

“बाबा, चक्कीवर जाऊ या.”

“आता कशाला? रुळलो की मी.”

“कुणी सांगितलं?”

“तूच तर. सगळ्यांना.” आणि ते हसले. चेष्टा नव्हती त्यात. मुलीनं आपलं चारचौघांत कौतुक केलं, एवढाच आनंद.

ती त्यांना घेऊन गेली. बस बदलून, मग मेंढपाळाच्या तट्टावर बसवून, चढणीला स्वतः शेजारून चालत. वाटेत बाबा बोलत होते, तिला वाटलं बोलत होते, ती मान खाली घालून दगड चुकवत होती. वळण आलं आणि आधी पायांना थरथर लागली, मग आवाज आला. ओढ्याला भरपूर पाणी होतं. तट्टाचे कान मागे गेले. बाबांनी डोळे मिटले आणि तोंड थोडं उघडलं, तहानलेला माणूस पेला तोंडाजवळ येताना उघडतो तसं.

त्यांना चक्कीच्या पायरीवर बसवून तिनं घर उघडलं, खिडक्या उघडल्या, अंथरूण उन्हात टाकलं. रजा किती मिळेल, इथे राहायचं कसं, सगळं तिनं मनाशी जुळवत आणलं होतं. इथे ते बरे होतील. पंप पुन्हा पूर्ण सोडला की काही पिल्लं उठतात, तिनं स्वतः पाहिलं होतं. वेळेवर सोडला तर. ती बाहेर आली तेव्हा बाबा ओढ्याकडे हात करून काहीतरी सांगत होते. तोंड तिच्याकडे पूर्ण वळवलेलं. दोन-तीन शब्द, मग थांबणं, मग पुढचे दोन-तीन. सगळं चक्कीच्या रीतीनं. नुसता आवाज नव्हता. ओठ हलत होते आणि पाणी सगळं खात होतं.

तिनं छातीशी मूठ धरली.

त्यांनी पुन्हा सांगितलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, खांदे वर आले. तिनं पुढे जाऊन त्यांच्या तोंडाशी कान नेला. गालाला ऊन श्वास लागला, बस.

“मोठ्यानं!” ती ओरडली. “बाबा! मोठ्यानं बोला!”

तो तिचा आवाज होता. भोंगा. कितीतरी वर्षांनी, गळ्यात कुठेही न अडकता, तो पाण्यावरून पार खालच्या वळणापर्यंत गेला. खाली तट्टू घेऊन उतरणाऱ्या मेंढपाळानं मागे वळून पाहिलं. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी उजवा तळहात उंच केला, पोचलं, पोचलं. आणि त्याच हातानं तिचा गाल थोपटला. मग त्यांनी गळ्यावर हात ठेवला, तिनंच शिकवलं होतं तसा, थरथर लागतेय का पाहायला, आणि पुन्हा एकदा बोलून पाहिलं. हात तसाच राहिला. त्यांनी मान हलवली.

पण जे सांगायचं होतं ते त्यांनी सोडलं नाही. तिच्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करत, तिसऱ्यांदा सांगितलं. ओठांवरून तिला काही लागलं नाही. ते थांबले आणि तिच्या हाताकडे बघत राहिले, वर जातो की छातीशी, याची वाट बघत.

दाईनं तळहात वर केला. आणि हसली.

बाबांचं समाधान झालं. ते पाठ टेकून, पाण्याकडे तोंड करून बसले.